गटारीची राख दसऱ्यापर्यंत: घरच्या ग्रिलबाबत या चुका टाळा

आमच्या नेरुळमध्ये ‘ग्रिल साफ करायचंय’ म्हटलं की घरातले आधी खिडकीकडे बघतात. हे ते ग्रिल नव्हे. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून आणलेलं पापलेट ज्यावर भाजायचं, पनीर-सिमला मिरचीच्या सळया ज्यावर फिरवायच्या, ते हे. वैरी मात्र दोघांचा एकच, खाडीवरून येणारी खारी, दमट हवा.

माझं पहिलं ग्रिल दुसऱ्याच वर्षी गेलं. गटारीला गच्चीवर जमलो होतो. सर आली, घाईघाईत झाकण लावलं, वर प्लॅस्टिक गुंडाळलं आणि सगळे खाली पळालो. मग श्रावण, गणपती, पितृपंधरवडा, नवरात्र. दसऱ्यानंतरच्या रविवारी प्लॅस्टिक सोडलं तर आधी वास आला. जाळीवर पांढरट-हिरवी बुरशी, झाकणाच्या आत थेंबांचे ओघळ आणि तळाला राख सिमेंटसारखी बसलेली. ती खरवडायला उलथनं घातलं, तर ते आरपार बाहेर आलं. राखेखाली पत्राच उरला नव्हता.

तेव्हा सगळा राग पावसावर काढला. खरं तर पावसाचा एक थेंबही आत गेला नव्हता. पत्रा खाल्ला तो राखेने. लाकडी कोळशाच्या राखेत क्षार असतात आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत पाण्याला तोटा नाही. कोरडी राख बघता बघता खारट लगदा होते, पत्र्याला चिकटून बसते आणि त्याला सुकूच देत नाही. राखेची ताटली ॲल्युमिनियमची असेल तर आणखी वाईट, कारण भिजल्या राखेचं अल्कधर्मी पाणी ॲल्युमिनियमला थेट खातं.

म्हणून राख काढायची, पण त्याच रात्री नाही. वरून विझलेला दिसणारा निखारा राखेखाली दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. ती राख प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्यापेक्षा सगळी व्हेंट, म्हणजे हवेची भोकं, बंद करा, चोवीस तास जाऊ द्या, मग झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढा. फारच घाई असेल तर डब्यातल्या राखेवर पाणी ओता. तापलेल्या ग्रिलमध्ये कधीच नाही, पत्रा वाकतो आणि गरम वाफेने हात भाजतो.

प्लॅस्टिकची चूक वेगळी. ग्रिल कोमट असताना कव्हर चढवलं की आतली वाफ आतच राहते. पूर्ण गार झाल्यावर झाका, खाली दोन विटा ठेवा आणि कव्हर जमिनीपर्यंत न ओढता चार बोटं वर ठेवा.

जाळी घासताना

सर्वात सोपी वेळ म्हणजे जेवण उतरल्यावरची दहा-पंधरा मिनिटं. निखारे अजून लाल असतात. झाकण लावून जाळी तशीच तापू द्या, चिकटलेला मसाला जळून कोरडा होतो आणि मग नुसत्या खरवडण्याने पडतो. हे न करता सकाळी गार, ओशट जाळी सिंकमध्ये घेऊन बसलात तर अर्धा तास गेला, शिवाय सिंक तुंबेल आणि घरात बोलणी खावी लागतील ती वेगळीच.

तारेचा ब्रश मात्र फेकून द्या. हे ठासून सांगतो. त्याची बारीक तार तुटून जाळीला चिकटते, तिथून माशाला आणि माशातून घशात जाते. अमेरिकेत सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2012 साली ऱ्होड आयलंडमधल्या सहा रुग्णांची नोंद छापली होती. कोणाला नुसतं गिळताना दुखत होतं, कोणाच्या आतड्याला भोक पडलं होतं. मी ओल्या सुती फडक्याचा बोळा लांब चिमट्यात धरून गरम जाळीवरून फिरवतो. जाळी कोमट झाली की काथ्याची घासणी. आणि पुढच्या वेळी भाजायला घेण्याआधी अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तापल्या जाळीवर घासायचा.

बांगडा चिकटून फाटतो ही बहुतेकांची तक्रार. दोष बांगड्याचा नाही. जाळी थंड असते, कोरडी असते, किंवा मागच्या वेळचा मसाला तिच्यावर असतो. तीनपैकी एक नक्की. आणि ठेवल्या ठेवल्या उलटायची घाई नको, खालची बाजू नीट भाजली की मासा आपोआप सुटतो.

बिडाची जाळी असेल तर साबणात भिजत घालू नका. घासा, लगेच पुसा, आचेवर कोरडी करा आणि तेलाचा अगदी पातळ हात देऊन धूर थांबेपर्यंत तापवा. जाड हात दिला तर ती चिकट होते आणि त्यावर धूळ बसते. वरवरचा तांबूस गंज आला म्हणून टाकून देऊ नका. पॉलिश पेपरने घासून हाच पातळ तेलाचा हात दिला की पुन्हा काळी होते. आपल्या बिडाच्या तव्याचंच हे गणित आहे.

स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही, असं नव्हे. खाऱ्या हवेत त्यावरही तपकिरी ठिपके येतात. त्यात लोखंडी तारेच्या घासणीने घासलं तर तिचे कण मागे राहतात आणि तेच गंजतात. बाथरूमचं ॲसिड तर स्टीलवरचा गंज रोखणारा, डोळ्यांना न दिसणारा थरच घालवतं, म्हणजे चमक हवी म्हणून गेलात आणि गंज घेऊन आलात.

झाकणाच्या आतून काळे पापुद्रे पडायला लागले की लोक म्हणतात, रंग निघतोय. बहुधा रंग नसतो, धूर आणि चरबी जळून साचलेला थर असतो. कागदाच्या बोळ्याने रगडा, पडून जातो. आतून ऑइल पेंट मारायचा विचार मनात आला तर तिथेच सोडा.

नवी जाळी करताना

जाळी मोडली की हार्डवेअरवाल्याकडून जीआय जाळी कापून आणायची, ही युक्ती मीही केली असती. फॅब्रिकेशनवाल्यानेच अडवलं. म्हणाला, “साहेब, जीआयवर वेल्डिंग केलं की आम्हाला रात्री थंडीताप भरतो, तुम्ही त्यावर जेवण भाजणार?” जीआयवर जस्ताचा मुलामा असतो, तो ताप त्याच्याच धुराने येतो. जस्त साधारण 420 अंश सेल्सिअसला वितळतं आणि पेटलेला कोळसा त्याच्या बराच वर तापतो. मी 304 ग्रेड स्टेनलेस स्टीलच्या सळयांची जाळी करून घेतली. माप लिहिताना त्याने सवयीने विचारलं, “खिडकी कितव्या मजल्यावर?”

सफाईपलीकडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाऊस आला म्हणून जळता कोळसा बंद बाल्कनीत आणू नका. आपल्याकडे बाल्कन्यांना स्लायडिंग लावून खोल्या झाल्या आहेत. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, आणि तो माणूस मारतो. विझत आलेली शेगडीसुद्धा आत नको.

गॅसवरच्या ग्रिलची ज्योत पिवळी झाली तर बर्नरची भोकं आणि हवेची नळी तपासा. नळीत कोळी जाळं करतो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही खरं वाटलं नव्हतं. गॅसच्या नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती. काडी लावून बघायची नाही.

आता गटारीनंतरचा दिवस माझा ठरलेला असतो. राख बाहेर, तळ कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात, जाळी वर्तमानपत्रात गुंडाळून घरात माळ्यावर. गणपतीत एखाद्या दिवशी ऊन पडलं की गच्चीवर जाऊन कव्हर काढायचं आणि संध्याकाळपर्यंत झाकण उघडं ठेवायचं. कोळशाची गोणीही त्याच उन्हात पसरायची, कारण दमट कोळसा नुसता धुमसतो आणि मग लोक त्यावर रॉकेल ओततात. दोन सुक्या करवंट्या खाली पेटवल्या तर रॉकेलची गरजच पडत नाही.