५१२ पत्त्यांत नेटवर्क चालवताना: छोट्या आयएसपींनो, या चुका टाळा

इंटरनेटवरच्या जोडणीला पत्ता लागतो; आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे असे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयाना या जगभराचे पत्ते सांभाळणाऱ्या संस्थेने उरलेले पाच /८ गट (रेषेपुढचा आकडा जितका मोठा, तितका गट लहान) पाच प्रादेशिक रजिस्ट्रींना एकेक वाटून टाकले आणि मधलं कोठार रिकामं झालं. आशिया-पॅसिफिकच्या अपनिक या रजिस्ट्रीला १०३ने सुरू होणारा गट मिळाला. त्याच वर्षी एप्रिलपासून तिथे शिधावाटप लागू झालं: एका सभासदाला जास्तीत जास्त /२२, म्हणजे १,०२४ पत्ते. २८ फेब्रुवारी २०१९पासून नव्या वाटपात हा कोटा /२३वर, म्हणजे ५१२वर आला. भारतात निक्सी या संस्थेची आयरिन ही राष्ट्रीय रजिस्ट्रीही याच चौकटीत पत्ते देते.

त्यामुळे अर्जात दहा हजार ग्राहक दाखवले तरी वीस हजार ग्राहक दाखवणाऱ्याइतकेच पत्ते मिळतात. अर्ज अडकतो तो आराखडा मोघम असल्यामुळे. /२४ची (२५६ पत्त्यांची) तातडीची गरज आहे, किंवा अपस्ट्रीमकडची (तुम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीकडची) /२४ आधीच वापरात आहे, हे दाखवा. पूर्ण /२३ वर्षभरात कुठे, किती, कशासाठी लागेल तेही आकड्यांत मांडा. ‘भविष्यातील विस्तार’ एवढ्या दोन शब्दांवर भागत नाही.

अर्धी साताऱ्याला, अर्धी कराडला

पत्ते मिळाल्यावरची पहिली चूक तुकडे पाडण्याची. एकच /२४ हातात आहे, साताऱ्यात एक अपस्ट्रीम, कराडला दुसरा. म्हणून तिचे १२८-१२८ पत्त्यांचे दोन /२५ करून दोन्हीकडून जाहीर करतात, म्हणजे या पत्त्यांकडे यायचा मार्ग इथून आहे असं बाकी नेटवर्कांना कळवतात. जगातली बहुतेक नेटवर्कं /२४हून लहान मार्ग स्वीकारतच नाहीत. अपस्ट्रीमच्या राउटरवर तो दिसतो, त्यामुळे ‘आमच्याकडून ओके आहे’ असं उत्तर मिळतं, आणि ग्राहकाचं नेट बंदच. अख्खी /२४ दोन्हीकडून जाहीर करा, दोन ठिकाणं आपल्या लिंकने जोडा आणि /२५ची वाटणी आतल्या राउटिंगपुरती ठेवा.

लीज्ड लाइनच्या (एकाच ग्राहकाला दिलेल्या खास जोडणीच्या) लिंकवरही पत्ते असेच जातात. ४० ग्राहकांना /३० दिली की १६० पत्ते संपले. /३१ वापरली तर ८०त काम होतं. ही सोय आरएफसी ३०२१ या तांत्रिक दस्तऐवजामध्ये २०००पासून आहे, पण हात अजून सवयीने /३०च टाइप करतो.

काही साइट उघडतात, काही नाही

हे लक्षण दिसलं की डीएनएसच्या (साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेच्या) मागे लागण्याआधी आरओए तपासा, म्हणजे हे पत्ते कोणतं नेटवर्क जाहीर करू शकतं ते सांगणारी डिजिटल सहीची नोंद. नेहमीचा घोटाळा असा: आरओए /२३साठी बनवलेला, कमाल लांबीही (किती लहान तुकड्यापर्यंत जाहीर करता येईल ती मर्यादा) २३, आणि बीजीपीत (नेटवर्कं एकमेकांना मार्ग कळवतात त्या पद्धतीत) मात्र दोन /२४ जाहीर. दोन्ही मार्ग ‘इनव्हॅलिड’ ठरतात. आरपीकेआय (आरओएवर आधारलेली पडताळणी) तपासणारी नेटवर्कं ते टाकून देतात, न तपासणारी चालवून घेतात, म्हणून नेट अर्धवट चालतं. अपस्ट्रीम बदलल्यावर आरओएत जुन्याचाच एएस क्रमांक (नेटवर्कचा ओळख क्रमांक) राहिला तरी हेच होतं. खरोखर जाहीर करता तेवढ्याच मार्गांचे आरओए बनवा. कमाल लांबी उगाच सैल सोडली की तुमच्याच पत्त्यांचा लहान तुकडा दुसऱ्याने जाहीर करायला वाट मोकळी होते.

सीजीनॅट: खरी गंमत पोर्टांत आहे

सीजीनॅट म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटणं; त्यांच्या जोडण्या पोर्टच्या क्रमांकांवरून वेगळ्या ओळखल्या जातात. एका सार्वजनिक पत्त्यावर १०२४ ते ६५५३५ असे ६४,५१२ पोर्ट वाटायला मिळतात. ३२ ग्राहक बसवले तर प्रत्येकाला २,०१६, ६४ बसवले तर १,००८. घरात चार फोन, टीव्ही आणि डीव्हीआर असेल तर १,००८ रात्री आठनंतर कमी पडू लागतात. स्पीड टेस्ट झकास येते, पण पानावरची चित्रं अर्धी, गेम तुटतो. बँडविड्थ वाढवून उपयोग नाही. सीजीनॅटवर पोर्ट न मिळाल्याचा काउंटर बघा. १:३२ या प्रमाणाने एक /२५ बाजूला काढली तरी ४,०९६ ग्राहक बसतात, एवढं पुरे.

पोर्ट सुटावेत म्हणून टीसीपीचा टाइमआउट (शांत पडलेली जोडणी किती वेळाने तोडायची ती मुदत) पाच मिनिटांवर आणणं हा उपाय नाही. आरएफसी ५३८२ चालू जोडणीसाठी किमान २ तास ४ मिनिटं सांगते. त्याखाली गेलात की नोटिफिकेशन उशिरा येतात आणि ऑफिसचं रिमोट सेशन मधेच गळतं.

ग्राहकाच्या बाजूला १००.६४.०.०/१० वापरा. हा गट २०१२मध्ये याच कामासाठी राखून ठेवला. १०.०.०.० दिलंत तर ज्याच्या ऑफिसात आत तेच आहे त्याचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कशी होणारी सुरक्षित जोडणी) अडखळतं.

नोंदींचा भाग सगळ्यात दुर्लक्षित. सायबर पोलिसांची नोटीस येते: एक पत्ता, एक वेळ. त्या पत्त्यामागे ३२ घरं आहेत. सोर्स पोर्ट नसेल तर नाव देऊच नका, पोर्ट मागा. वेळ यूटीसीत (जागतिक) आहे की आयएसटीत (भारतीय), हेही विचारा. साडेपाच तासांच्या गोंधळात भलत्याच घराचं नाव कळवलं जातं. प्रत्येक सेशनची नोंद ठेवली तर डिस्क भरते, म्हणून पोर्टांचे ठोक गट द्या: गट दिला की एक ओळ, परत घेतला की एक. सूत्राने पोर्ट वाटत असाल तर कॉन्फिग बदलण्याआधी जुनं तारखेसह जपून ठेवा, नाहीतर गेल्या महिन्याचं उत्तर काढता येणार नाही. परवान्याच्या अटींनुसार नोंदी किमान दोन वर्षं लागतात.

विकत घेणार असाल तर

१०३च्या गटातले पत्ते वाटपापासून पाच वर्षं हस्तांतरित होत नाहीत. इसार देण्याआधी व्हूइजमधली (पत्ते कोणाच्या नावावर आहेत त्या सार्वजनिक नोंदीतली) वाटपाची तारीख पाहा, आणि मेलच्या काळ्या याद्याही. जुन्या मालकाने स्पॅम पाठवला असेल तर तो डाग पत्त्यांबरोबर येतो. जिओलोकेशन (पत्ता कुठला आहे याची नोंद) परदेशातलं राहिलं तर ओटीटी अडवतात. जिओफीड (कोणते पत्ते कुठे आहेत याची तुमची यादी) प्रसिद्ध करून दुरुस्ती मागा.

आयपीव्ही६ घेतलं, पण चालू केलं नाही

आयपीव्ही६ ही नवी, खूप लांब पत्त्यांची पद्धत, म्हणून तिच्यातली /३२ प्रचंड मोठी असते. ती मिळते आणि कागदावर पडून राहते. यूट्यूब, फेसबुक, नेटफ्लिक्स आयपीव्ही६वर आहेत. ते तिकडे गेलं की सीजीनॅटवरचा भार तेवढा उतरतो. घराला एक /६४ देऊ नका, /५६ द्या. एका /३२मध्ये अशा १,६७,७७,२१६ बसतात. फायरवॉलमध्ये आयसीएमपीव्ही६ (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारे निरोप) सरसकट बंद करू नका. पीपीपीओईवर (ग्राहक लॉगिन करून जोडला जातो त्या पद्धतीत) एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, १४९२ बाइट असतो. ‘पॅकेट टू बिग’ हा निरोप अडला की पिंग चालतं, जोडणी लागते, आणि पान मात्र पांढरंच राहतं.