आर्डुइनो आणि पायथन सिरीयलवर नीट कसे जोडायचे

बोर्ड यूएसबीला लावला, एलईडी पेटला, पण पायथनमधून पाठवलेलं बोर्डपर्यंत पोचतच नाहीये, किंवा अर्धवट पोचतंय, हा त्रास जवळपास सगळ्यांना होतो. सिरीयल म्हणजे बोर्ड आणि कॉम्प्युटरमधे एकामागून एक बिट पाठवायची पद्धत. आर्डुइनो ऊनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) धरून सांगतो, बाकी बोर्डांना पण बरंचसं हेच लागू पडतं.

आधी केबल बघा. नुसती चार्जिंगची केबल असेल तर पोर्ट दिसणारच नाही. विंडोजमधे डिव्हाइस मॅनेजरमधे कॉम ३, कॉम ४ असं काहीतरी नवीन आलं पाहिजे. नाही आलं आणि बोर्डवर सीएच३४० (यूएसबी आणि सिरीयल जोडणारी) चिप असेल तर तिचा ड्रायव्हर टाकून बघा. लिनक्सवर पोर्ट दिसतोय पण परमिशनचा एरर येतोय तर आपल्या युजरला डायलआउट (सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) ग्रुपमधे टाका आणि लॉगआउट करून परत लॉगिन करा, नाहीतर फरक पडत नाही.

पायथनसाठी पायसिरीयल (सिरीयल पोर्ट वापरायची लायब्ररी) इन्स्टॉल करा, नुसतं सिरीयल नावाचं पॅकेज वेगळंच आहे, ते नको. बॉड रेट (सेकंदाला किती बिट जातात तो वेग) दोन्हीकडे एकच ठेवा, सुरुवातीला ९६०० पुरे. स्क्रीनवर चित्रविचित्र अक्षरं आली की पहिला संशय बॉड रेटवरच घ्यायचा. आणि आर्डुइनो सॉफ्टवेअरमधला सिरीयल मॉनिटर (बोर्डकडून आलेलं दाखवणारी खिडकी) बंद करा, तो उघडा असला की पोर्ट त्याच्या ताब्यात असतो, पायथनला मिळत नाही.

आता एक गोष्ट जी खूप जणांना माहीतच नसते. पायथनने पोर्ट उघडला की ऊनो रीसेट होतो, डीटीआर लाइनमुळे (पोर्ट उघडल्याचा सिग्नल देणारी लाइन). मग थोडा वेळ बूटलोडर (नवीन प्रोग्रॅम येतोय का बघणारा छोटा प्रोग्रॅम) चालतो आणि तेवढ्यात पाठवलेलं सगळं वाया जातं. म्हणून पोर्ट उघडल्यावर २ सेकंद थांबा आणि मगच पहिला मेसेज पाठवा. याहून चांगलं म्हणजे स्केचच्या (बोर्डवरच्या प्रोग्रॅमच्या) सेटअपमधूनच, म्हणजे सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागातून, "रेडी" अशी ओळ पाठवायची आणि पायथनने ती वाचेपर्यंत गप्प बसायचं.

आता मुख्य मुद्दा, इथे जरा वेळ द्या. सिरीयलवर मेसेज असा काही प्रकारच नसतो, एकामागून एक बाइट येत राहतात, बस. तुम्ही १२५ पाठवलं आणि बोर्डने घाईत वाचलं तर आधी १२ आणि मग ५ असं पण हाती लागू शकतं. त्यामुळे मेसेज कुठे संपला हे आपणच ठरवायला लागतं आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे प्रत्येक मेसेजच्या शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याचं कॅरेक्टर) टाकायची, बोर्डवर एकेक कॅरेक्टर बफरमधे (तात्पुरत्या साठ्यात) जमा करत जायचं, न्यूलाइन दिसली की मगच त्याचा आकडा करायचा. पायथनकडे रीडलाइन (एक ओळ वाचणारं फंक्शन) वापरा, टाइमआउट (किती वेळ वाट बघायची ते) नक्की द्या नाहीतर प्रोग्रॅम तिथेच अडकून बसतो, आणि आलेल्या ओळीला स्ट्रिप (कडेची अदृश्य कॅरेक्टर काढणारं फंक्शन) लावा कारण बोर्डवरचं प्रिंटलाइन न्यूलाइनच्या आधी कॅरेज रिटर्न हे अदृश्य कॅरेक्टर पण पाठवतं.

बोर्डवरून पाठवायच्या प्रिंट आणि राइट या फंक्शनमधला फरकही लक्षात ठेवा. प्रिंटला ६५ दिलं तर "६" आणि "५" ही दोन कॅरेक्टर जातात, म्हणजे त्यांचे आस्की कोड (कॅरेक्टरचे ठरलेले क्रमांक) ५४ आणि ५३ हे बाइट. राइटला ६५ दिलं तर एकच बाइट जातो आणि समोर कॅपिटल ए दिसतो. डीबगिंग चालू असेपर्यंत प्रिंटच बरं, डोळ्यांनी वाचता येतं.

शेवटचं म्हणजे लूपमधले (स्केचच्या सतत फिरणाऱ्या भागातले) मोठे डिले, म्हणजे थांबे, काढा. ९६०० ला एका बाइटमागे स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिट जातात, म्हणजे सेकंदाला फार तर ९६० बाइट. ऊनोचा रिसीव्ह बफर ६४ बाइटचा, सलग डेटा येत असेल तर तो सुमारे ६५ मिलिसेकंदात भरतो आणि त्यापुढचं आलेलं गुपचूप हरवतं, कुठे एरर पण येत नाही. डिलेऐवजी मिलिस (बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन) वापरून वेळ मोजा म्हणजे लूप सतत फिरत राहील आणि बफर रिकामा होत राहील.