हरणापासून एल्कपर्यंत एकच रायफल: कमी लाथेचं कॅलिबर कसं निवडायचं

भाचा अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्सला असतो, परवा त्याचा फोन आला, मामा शिकारीला रायफल घ्यायचीय, हरीण पण झालं पाहिजे, एल्क (तिकडचं हरणाच्या जातीचंच पण लई मोठं जनावर) पण झाला पाहिजे आणि खांदा पण राहिला पाहिजे, कुठलं कॅलिबर, म्हणजे नळीचं माप आणि त्यात बसणारं काडतूस, घेऊ सांग. मी तेव्हा मोहोळजवळ मित्राच्या शेतात हुरड्याला बसलेलो, तिथंच आगटीजवळ तासभर बोललो. वर्षभरातला हा असा चौथा फोन, आपली सोलापूरची पोरं तिकडं लई झालीत आता, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

आधी एक गोष्ट. हे सगळं तिकडचं आहे. इकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे आणि ती बंद आहे तेच बरोबर आहे. नान्नजच्या माळावर काळवीट दिसलं तर कॅमेरा काढायचा, दुसरं काही नाही. अभयारण्य १९७९ ला झालं तरी माळढोक दिसणं आज किती अवघड झालंय हे सोलापूरकराला सांगायला नको. कोलोरॅडोसारख्या ठिकाणी कुठल्या भागात किती जनावरं मारायची हे सरकार दरवर्षी ठरवतं, त्या हिशोबानं लायसन्स देतं आणि बरंचसं त्याच पैशातून वन्यजीव खातं चालतं. त्या चौकटीत राहून करणाऱ्यांसाठीच हे आहे.

मी अकरा वर्षं डेन्व्हरला होतो. पहिल्या सीझनला दुकानदारानं सांगितलं एल्कला .३०० विनचेस्टर मॅग्नमच (जास्त दारूचं जबर काडतूस) पाहिजे, मी घेतली. माझी उंची पाच फूट चार इंच, वजन साठ किलो. रेंजवर पहिल्या पाच गोळ्यांतच खांदा काळानिळा झाला आणि त्याच्यानंतर मला कळायच्या आत माझं शरीर चाप दाबायच्या आधीच आक्रसायला लागलं, डोळे मिटायचे, नळी खाली जायची. मला वाटायचं स्कोप, म्हणजे रायफलीवरची दुर्बीण, बिघडलाय. ऑक्टोबरात दोनशे यार्डावर एक एल्कची मादी उभी होती, आडवी, निवांत, याहून सोपा शॉट मिळत नाही, आणि गोळी फुप्फुसात न जाता मागं पोटात गेली. दोन दिवस रक्ताचा माग काढत फिरलो, सापडली नाही. ते जनावर कुठंतरी तडफडत मेलं असणार आणि ते माझ्यामुळं, ही गोष्ट अजून टोचते. म्हणून कोण काही म्हणो, मी पहिल्यांदा लाथेबद्दलच बोलतो. लाथ म्हणजे रिकॉइल, गोळी सुटताना रायफल खांद्याला मारते तो धक्का.

लाथ चार गोष्टींवर ठरते, गोळीचं वजन, तिचा वेग, काडतुसात दारू किती आणि रायफल किती जड. साधारण आठ पाउंडाची म्हणजे साडेतीन किलोच्या थोडी वर रायफल धरली तर .३०० विन मॅगची लाथ २५-२६ फूट-पाउंड (जोर मोजायचं तिकडचं माप) बसते, .३०-०६ ची २० च्या आसपास, .३०८ ची १६-१७, ७एमएम-०८ आणि ६.५ क्रीडमूरची १२ ते १४, .२४३ ची ९-१०. बहुतेक माणसांना १५ पर्यंत आरामात झेपतं, २० च्या पुढं सराव करायचाच कंटाळा येतो आणि सराव सुटला की सगळं सुटलं. अजून एक, डोंगरात चढायला सोपी म्हणून सहा पाउंडाची हलकी रायफल घेतली तर तीच गोळी साधारण एक तृतीयांश जास्त लाथ मारते, हे दुकानात कोण सांगत नाही.

मग जनावर काय मागतं ते बघू. व्हाइटटेल हरीण ५० ते १३० किलो, एल्कची मादी सव्वादोनशेच्या घरात, नर तीनशेच्या वर. हरणाचं हृदय-फुप्फुस म्हणजे आपल्या ज्वारीच्या भाकरीएवढी जागा, एल्कची छोट्या परातीएवढी. त्या जागेत गोळी गेली पाहिजे आणि खोल गेली पाहिजे, बस. शिकारी लोकांचा अंदाज असा की जनावरापर्यंत पोचताना गोळीत हरणासाठी १००० आणि एल्कसाठी १५०० फूट-पाउंड जोर उरलेला असावा. हा काही निसर्गाचा नियम नाही, पण अंतराची मर्यादा ठरवायला कामाला येतो. कोलोरॅडोचा कायदा वेगळा, त्यात कॅलिबर किमान .२४ इंच, एल्कला आणि मूसला (एल्कहून मोठं हरणाच्या जातीचं जनावर) किमान ८५ ग्रेनची म्हणजे साडेपाच ग्रॅमची, लागल्यावर फुलणारी गोळी आणि १०० यार्डावर १००० फूट-पाउंड. म्हणजे .२४३ कायद्यात बसते, पण एल्कला मी ती देणार नाही. हाडावर लागली तर हातात काही उरत नाही. हरणापुरती ती उत्तम, घरातल्या बारक्या पोराला शिकवायला तर फारच चांगली.

आता गोळी खोल कशी जाते. ज्वारीचं पोतं शिवायचं दाभण बघा, बारीक आणि लांब, म्हणून कमी जोरात आरपार जातं. ६.५ आणि ७ मिलिमीटरच्या गोळ्यांचं तसंच आहे, जाडीच्या मानानं वजन जास्त, म्हणून कमी दारूत खोल जातात. हे काही नवीन नाही. स्वीडनमध्ये ६.५ बाय ५५ नं किती पिढ्या मूस मारतायत. आणि ७ बाय ५७ माउझर १८९२ चं काडतूस, तेच इंग्रजांकडं .२७५ रिग्बी म्हणून चाललं, चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर १९०७ ला जिम कॉर्बेटला भेट मिळाली ती रायफल हीच.

माझी निवड ७एमएम-०८ रेमिंग्टन. १९८० ला बाजारात आली, .३०८ चंच काडतूस, तोंड बारीक केलेलं, आणि ताकद जवळपास त्या जुन्या ७ बाय ५७ एवढी. १४० ग्रेनची गोळी म्हणजे नऊ ग्रॅम, नळीतून साधारण २८०० फूट सेकंदाला सुटते, तीनशे यार्डापर्यंत एल्कसाठी पुरेशी. मॅग्नम विकून हीच घेतली, पुढची सगळी वर्षं हीच वापरली आणि परत कधी माग काढत दुसरा दिवस उजाडला नाही.

पण गावातल्या दुकानात आधी काडतुसं बघून या. ७एमएम-०८ चे डबे प्रत्येक ठिकाणी नसतात, ६.५ क्रीडमूर मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात पण मिळतं आणि सरावाची काडतुसं त्यात स्वस्त पडतात. तुमच्याकडं तसं असेल तर डोळे झाकून क्रीडमूर घ्या, जनावराला फरक कळत नाही, फक्त एल्कला १४० ग्रेनच्या आसपासची मजबूत गोळी वापरा. .३०८ ज्यांना झेपते त्यांनी तीच ठेवावी. .२७० पण जुनी आणि चांगली, लाथ थोडी जास्त. अलास्काचं मोठं अस्वल हा या लेखाचा विषयच नाही, तिथं गाइड सांगेल ते.

कॅलिबरएवढंच महत्त्व गोळीच्या बनावटीला आहे. हरणाला साधी मऊ टोकाची चालते, एल्कला बॉन्डेड, म्हणजे आतलं शिसं वरच्या कवचाला जोडलेली, किंवा पूर्ण तांब्याची घ्या, नाहीतर खांद्याच्या हाडावर फुटून वरच्या वर राहते. कॅलिफोर्नियात असाल तर २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही, तांबंच घ्यावं लागतं.

आणि दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, मापाचा आहे का बघा. तिकडच्या रायफलींचा दस्ता चाप ते टोक साडेतेरा इंचाच्या आसपास असतो, सहा फुटी माणसाला बरोबर, आपल्यासारख्याला लांब पडतो, मग गाल पुढं सरकतो आणि स्कोप भुवईला लागतो, माझ्या भुवईवर खूण आहे अजून. कॉम्पॅक्ट मॉडेल मागा, चांगला रबरी पॅड बसवून घ्या. मझल ब्रेकनं, म्हणजे नळीच्या तोंडाला बसवायच्या भोकाच्या तुकड्यानं, लाथ कमी होते पण आवाज इतका वाढतो की शेजाऱ्याचे कान जातात, या कॅलिबरला त्याची गरजच नाही. कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही.

तुम्ही दचकता का हे तपासायची सोपी रीत आहे. मित्राला सांगा रायफल तोच भरेल, कधी खरं काडतूस कधी डमी म्हणजे दारू नसलेलं खोटं, तुम्हाला न सांगता. डमीवर चाप दाबल्यावर नळी खाली झुकली तर दोष स्कोपचा नाही. मग महिनाभर .२२ च्या हलक्या रायफलीवर या, रोज थोडं, आणि मग हळूहळू मोठीकडं. एका बैठकीत वीसच्या वर मोठ्या गोळ्या मारू नका, थकलेला खांदा चुकीचंच शिकतो.

शेवटचं, आणि हे एच-वन-बी वाल्या पोरांनी नीट वाचा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर अमेरिकेच्या फेडरल कायद्यानं बंदूक बाळगायलाच बंदी आहे, सूट मिळते ती कुठल्यातरी राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर. म्हणजे आधी हंटर एज्युकेशनचं कार्ड, मग लायसन्स, मग रायफल, हाच क्रम. आणि लायसन्सची तारीख संपली आणि रायफल घरात राहिली तर तो गुन्हा होतो, म्हणून ती तारीख मोबाइलमध्ये लावून ठेवा, भाच्याला मी फोन चालू असतानाच लावायला लावली.