इसबावरच्या जॅक गोळ्या लिहिताना या चुका टाळा

तीव्र इसबात उपाडासिटिनिब किंवा ॲब्रोसिटिनिब ही जॅक गोळी (दाह वाढवणारं ‘जॅक’ एन्झाइम रोखणारी) सुरू केली की काही दिवसांतच खाज उतरते. वर्षानुवर्षं नखांनी अंग ओरबाडत जागलेला माणूस रात्रभर झोपतो. हे पाहिलं की पुढच्या पेशंटला गोळी लगेच लिहाविशी वाटते, आणि तिथेच गडबड होते.

आधी हे इसबच आहे ना, ते पाहा. स्टिरॉइडची मलमं चोळून रूप पालटलेलं गजकर्ण हुबेहूब इसबासारखं दिसतं. थोडा कोंडा खरवडून केओएच तपासणी (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधणं) करा. घरात आणखी कुणाला रात्री खाज सुटते का, हे विचारलं नाही तर खरूज निसटते.

माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पेशंटच्या पिशवीकडे. ‘बाकी काही औषध चालू नाही’ असं सांगणाऱ्याला पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगा. गजकर्णासाठी दुसऱ्या कुणी दिलेली इट्राकोनॅझोलची अर्धी पट्टी त्यातून निघते, नाहीतर खोकल्यासाठीची क्लॅरिथ्रोमायसिन. या दोन्हींमुळे उपाडासिटिनिबचं रक्तातलं प्रमाण वाढतं. अशा वेळी ३० मिग्रॅ चालू ठेवू नका, १५ वर या. ॲब्रोसिटिनिबसोबत फ्लुकोनॅझोल हे बुरशीचं औषध टाळा. रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाचं उलट आहे: त्याने गोळीचा जोरच जातो, आणि ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून आपण डोस वाढवत बसतो.

टीबीची तपासणी आपल्याकडे वगळून चालणारच नाही. छातीचा एक्स-रे आणि इग्रा (टीबीची रक्ततपासणी) किंवा मांटू (टीबीची त्वचेतली चाचणी) करा. पण पेशंट प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडवर असेल तर निगेटिव्ह मांटूवर विसंबू नका. सुप्त (लक्षणं नसलेला) टीबी निघाला तर आधी प्रतिबंधक उपचार. सोबत हिपॅटायटिस बी आणि सी, लिव्हर, लिपिड आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). हिमोग्लोबिन ८ च्या खाली, लिम्फोसाइट ५०० च्या खाली किंवा न्यूट्रोफिल १००० च्या खाली असतील तर गोळी सुरूच करू नका. ॲब्रोसिटिनिबवर प्लेटलेट साधारण चौथ्या आठवड्यात सर्वांत खाली येतात, म्हणून ‘तीन महिन्यांनी या’ हे वाक्य इथे चालत नाही.

ताप आणि अंगभर एकसारखे, मधे खळगा पडलेले फोड दिसले तर इसब भडकलं असं समजून डोस वाढवू नका. तो हर्पिसचा संसर्ग असू शकतो: गोळी थांबवा, असायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध त्याच दिवशी सुरू करा. नागीणही या गोळ्यांवर जास्त होते. शक्य तिथे नागिणीची रिकॉम्बिनंट (जिवंत विषाणू नसलेली) लस आधीच द्या. जिवंत लस गोळी चालू असताना देऊ नका.

पासष्टीपुढचे, बिडी-सिगारेट ओढणारे, हृदयविकार, कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळीचा इतिहास असलेले पेशंट: इथे दुसरा पर्याय आधी शोधा. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियंत्रण संस्थेने) याच धोक्यांबद्दल दिलेला इशारा टोफासिटिनिब ही दुसरी जॅक गोळी घेणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांवरील अभ्यासातून आला, तरी तो ‘आपल्या पेशंटचा नाही’ म्हणून बाजूला सारू नका. एकाच पायाला सूज किंवा अचानक धाप लागली तर थेट हॉस्पिटल गाठायचं, हे चिठ्ठीवर मराठीत लिहून द्या. तरुण स्त्रियांना गर्भनिरोधनाबद्दल स्पष्ट विचारा. उपाडासिटिनिब थांबवल्यावरही चार आठवडे ते चालू ठेवावं लागतं.