वीजबिल कमी करायचे असल्यास आधी गीझरकडे पाहा

घरातील अनावश्यक दिवे बंद करण्याची सवय चांगलीच आहे, परंतु बिल खरोखर उतरवायचे असेल तर सुरुवात न्हाणीघरातून करावी. 2000 वॅटचा गीझर सलग तासभर तापला तर 2 युनिट वीज खर्च होते. तेवढ्याच विजेवर 9 वॅटचा एलईडी बल्ब दररोज पाच तास लावला तरी चाळीस दिवसांहून अधिक चालतो. एक बादली, म्हणजे सुमारे 15 लिटर पाणी, 20 अंशांवरून 40 अंशांपर्यंत तापवण्यास जेमतेम 0.35 युनिट पुरते. उरलेली वीज मुख्यतः गरज नसताना तापवलेल्या आणि टाकीत निवत पडलेल्या पाण्यावर वाया जाते. म्हणून गीझर आंघोळीपूर्वी थोडा वेळच लावावा, तापमान 50 ते 55 अंशांच्या आसपास ठेवावे आणि घरातील सर्वांनी शक्यतो लागोपाठ आंघोळी उरकाव्यात. गच्चीवर ऊन येत असल्यास सौर बंब हा माझ्या मते सर्वांत उत्तम पर्याय आहे.

दिव्यांच्या बाबतीत, जुन्या चोकची 40 वॅटची ट्यूबलाइट काढून 20 वॅटची एलईडी पट्टी बसवावी. चोकचा खर्च धरता निम्म्याहून अधिक वीज वाचते. मात्र हा बदल देवघरापेक्षा स्वयंपाकघरासारख्या दीर्घकाळ उजेड लागणाऱ्या खोलीत आधी करावा.

महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटांपुढील आणि पुन्हा 300 युनिटांपुढील वापराला चढा दर लागतो, त्यामुळे वाचलेले युनिट नेहमी सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होते.