तूर फुलोऱ्यावर आहे, धुऱ्यावरच्या बोरी-बाभळी आता तोडू नका

तूर कळी-फुलावर आली आहे, हरभरा वाढीला लागला आहे आणि आभाळ भरून येतंय. अशी ढगाळ हवा टिकली की घाटेअळी वाढते. पतंग कळ्यांवर आणि कोवळ्या शेंड्यांवर एकेक सुटं, पिवळसर पांढरं, खसखशीएवढं अंडं घालतो. तीन-चार दिवसांत अळी निघते. सुरुवातीचे काही दिवस ती उघड्यावर राहून पान-कळी खरवडते, मग शेंगेला भोक पाडून डोकं आत खुपसते. तिथून पुढे ती ना पाखराच्या चोचीत सापडते, ना फवाऱ्यात.

आणि नेमके याच दिवसांत धुरे, म्हणजे वावराचे बांध, साफ केले जातात. आधी कुऱ्हाड नाहीतर जेसीबी, मग तणनाशक, शेवटी काडी. धुरा स्वच्छ दिसतो, पण अळी लहान असताना टिपणारी पाखरं त्याच झाडोऱ्यात असतात.

त्यातला महत्त्वाचा हिरवट पर्णवटवट्या. चिमणीहून लहान, जेमतेम 8 ग्रॅम वजन, मातकट हिरवं अंग, डोळ्यावर फिकट भुवई, पंखावर एक बारीक पांढुरकी रेघ. वीण हिमालयात आणि त्याच्या उत्तरेकडच्या जंगलांत. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे येतो, एप्रिलपर्यंत राहतो. दिसण्याआधी त्याचं ‘चिस्वी, चिस्वी’ ऐकू येतं. पानाची खालची बाजू, देठ, कळीचं बूड असं सतत तपासत मावा, तुडतुडे, बारीक अळ्या वेचतो. हिवाळाभर झाडोऱ्याचा एकच पट्टा धरून राहतो, दुसऱ्याला हुसकावतो. म्हणून पट्टा तोडला की तो शेजारी जाईल, हा हिशोब चुकीचा आहे. शेजारचा पट्टा आधीच दुसऱ्याने धरलेला असतो.

‘टी’ आकाराचे पक्षिथांबे एकरी 20 लावाच, पिकाच्या फूटभर वर. पण त्यांवर कोतवाल, वेडा राघू, साळुंकी बसतात. पर्णवटवट्याला पानं लागतात, काठी नाही. थांबे लावले म्हणून धुरा तोडायला हरकत नाही, असं समजू नका.

दाट बोर, बाभूळ, हिवर, कडुनिंब असलेल्या धुऱ्यालगतच्या तासांत अळी कमी दिसते, असा आमचा अंदाज आहे. वावर तपासताना सुरुवात उघड्या धुऱ्याकडून करा. मात्र प्रादुर्भाव एकदा भडकला की पाखरं एकटी तो आवरत नाहीत. म्हणून पुढचं:

- कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) एकरी 2. सलग दोन-तीन दिवस प्रत्येकी 8-10 पतंग आले की सावध व्हा.
- तुरीत झाडामागे 1-2 अळ्या, हरभऱ्यात मीटरभर ओळीत 1-2 अळ्या: ही नुकसानीची पातळी, म्हणजे इथून पुढे उपाय करायलाच हवा.
- फुलोऱ्याच्या सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क: 5 किलो निंबोळीची भरड 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, 1 लिटर पाण्यात विरघळवलेला 200 ग्रॅम साबण मिसळा, पाणी घालून 100 लिटर करा.
- अळ्या लहान असताना एचएएनपीव्ही (घाटेअळीला रोग लावणारा विषाणू) हेक्टरी 500 एलई (बाटलीवर लिहिलेलं त्याचं माप), संध्याकाळी. उन्हात विषाणू टिकत नाही.
- पातळी ओलांडली तरच इमामेक्टिन बेन्झोएट 5 टक्के हे कीटकनाशक, 10 लिटर पाण्यात 4.4 ग्रॅम.

दुकानात ‘सोबत हेही मारा’ म्हणून प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन हे जोड कीटकनाशक आणि वर टॉनिकची बाटली दिली जाते. घेऊ नका. पहिल्याने कोळी आणि मित्रकीटकही मरतात, दुसऱ्याने अळी मरत नाही. पैसे दोन्हीचे जातात. घरात मोनोक्रोटोफॉस या जहाल कीटकनाशकाचा जुना डबा असेल तर तो तसाच बंद राहू द्या. विष खाल्लेली अळी टिपून पाखरू मरतं. माणसालाही ते तितकंच घातक. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजुरांचे जीव गेले, हे विसरू नका. हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याची दिशा पाहूनच पंप उचला. धुऱ्याच्या झाडोऱ्यावर फवारा जाऊ देऊ नका.

सावलीने पीक दबत असेल तर वावराकडे झुकलेल्या फांद्या तेवढ्या छाटा. खालची झुडपं ठेवा आणि काडी लावू नका. मोठी छाटणी मे महिन्यात, तीही एका वर्षी एकाच बाजूच्या धुऱ्याची. दाणा भरू लागला की थांबे काढून घ्या, त्यांवर पोपट बसून शेंगा फोडतात. झाडोरा मात्र एप्रिलअखेरपर्यंत तसाच राहू द्या.