नेमके काय पसरते आहे? रोगकारक जिवाणू आणि प्लाझ्मिडांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी

रोगकारक जिवाणूंच्या जनुकीय विविधतेवर काम करायचे असेल तर सुरुवात कोठून करावी, असा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळणारे विद्यार्थी मला वारंवार विचारतात. माझे शालेय शिक्षण खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत झाले आणि पुढे रुग्णालयांतील नमुन्यांतून मिळालेल्या जिवाणूंच्या प्लाझ्मिडांवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरील डीएनएवर, काम करण्याची संधी मला मिळाली. त्या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. या विषयात तंत्रे पुष्कळ आहेत, परंतु ती शिकण्याआधी एक प्रश्न अंगवळणी पडला पाहिजे: येथे जिवाणूचा वंश पसरतो आहे, प्लाझ्मिड पसरते आहे, की प्लाझ्मिडावर बसलेला एखादा जनुकखंड पसरतो आहे?

रुग्णालयाच्या अहवालात ‘ई. कोलाय’ किंवा ‘क्लेब्सिएला न्यूमोनिए’ एवढेच नाव येते आणि जिवाणूची ओळख पटली असे आपल्याला वाटते. ई. कोलायच्या के-१२ या निरुपद्रवी स्ट्रेनचा, म्हणजे त्या जातीतील एका उपप्रकाराचा, संपूर्ण जनुकक्रम १९९७ साली प्रसिद्ध झाला. तो सुमारे ४६ लाख बेस-जोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या अक्षर-जोड्यांचा, आहे. रक्ताचे जुलाब घडवणाऱ्या ओ१५७:एच७ या स्ट्रेनचा क्रम २००१ साली हाती आला, तेव्हा के-१२ मध्ये नसलेली १,३८७ जनुके त्यात आढळली. एकाच जातीच्या दोन स्ट्रेनमध्ये हजाराहून अधिक जनुकांचा फरक असू शकतो, ही गोष्ट नवागताने आधी नीट पचवावी, कारण पदवीच्या अभ्यासक्रमात ती ओझरतीच येते.

या फरकाचा मोठा वाटा इकडून तिकडे जाणाऱ्या डीएनएचा असतो. गुणसूत्राबाहेरील अशा वारशाला जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ साली प्लाझ्मिड हे नाव दिले. आज हा शब्द पेशीत स्वतंत्रपणे राहून स्वतःची प्रत काढणाऱ्या, बहुधा वर्तुळाकार असलेल्या डीएनएसाठी वापरला जातो. त्याच दशकात जपानमध्ये हगवणीच्या रुग्णांतील शिगेला जिवाणू सल्फोनामाइड, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना एकदमच दाद देईनासे झाले. चार वेगवेगळी उत्परिवर्तने एकाच वेळी घडणे जवळजवळ अशक्य होते. ही प्रतिकारशक्ती पेशींच्या थेट संपर्कातून ई. कोलाय आणि शिगेला यांच्यात एकत्रितपणे संक्रमित होते, हे तेथील संशोधकांनी १९५९ साली दाखवून दिले.

रोग घडवण्याची क्षमताही प्लाझ्मिडावर असू शकते, आणि त्याचे उदाहरण आपल्या गोठ्यापर्यंत पोहोचलेले आहे. गुरांना होणाऱ्या काळपुळीच्या, म्हणजे फाशीच्या, जिवाणूत दोन मोठी प्लाझ्मिडे असतात. एकावर विषाची जनुके असतात आणि दुसऱ्यावर कवचाची. जनावरांना टोचल्या जाणाऱ्या लशीतील स्टर्न स्ट्रेनमध्ये कवचाचे प्लाझ्मिड नसते, म्हणून तो जिवाणू जनावराची प्रतिकारशक्ती जागवतो, पण सहसा रोग घडवत नाही. याउलट क्षयरोगाच्या जिवाणूत प्लाझ्मिडे आढळत नाहीत आणि त्याची औषधप्रतिकारशक्ती गुणसूत्रावरील उत्परिवर्तनांतून येते. प्रबंधासाठी जिवाणू निवडताना हा भेद आधी पाहावा, कारण पुढील सगळी पद्धत त्यावर ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६ साली सुरू झालेल्या, जवळजवळ सर्व नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या विषमज्वराच्या साथीत एच५८ हा जुनाच वंश होता. त्याने एक नवे प्लाझ्मिड मिळवले आणि मग तो वंशच पसरत गेला. प्रतिजैविके निष्प्रभ करणाऱ्या एनडीएम-१ या जनुकाची कथा वेगळी आहे. भारतात उपचार घेतलेल्या एका स्वीडनच्या रुग्णातील क्लेब्सिएलामध्ये ते सापडले आणि २००९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. नंतर तेच जनुक निरनिराळ्या जातींच्या जिवाणूंत आणि निरनिराळ्या गटांच्या प्लाझ्मिडांवर मिळत राहिले. तेथे केवळ वंशावळ काढून भागत नाही. जनुकाच्या दोन्ही बाजूंना कोणते तुकडे आहेत, हे वाचावे लागते. पहिल्या प्रकारात रुग्णांमधील साखळी शोधणे उपयोगी पडते, दुसऱ्या प्रकारात प्रतिजैविकांचा वापर, सांडपाणी आणि वेगवेगळ्या जातींचे सहवास तपासावे लागतात. म्हणून प्रश्न नीट न मांडता केलेले सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकक्रमाचे वाचन, डॉक्टरांच्या हाती काहीच देत नाही, असे मी आग्रहाने म्हणतो.

शिक्षणाच्या मार्गाविषयी थोडक्यात सांगतो. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलांना पीयूसीत (अकरावी-बारावीत) विज्ञान इंग्रजीतून शिकताना पहिले वर्ष जड जाते. त्या वर्षात जीवशास्त्रापेक्षा रसायनशास्त्राच्या पायाकडे अधिक लक्ष द्यावे. पुढे सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन बी.एस्सी. आणि एम.एस्सी. करण्यासाठी बेळगाव, धारवाड आणि कोल्हापूर ही तिन्ही ठिकाणे आपल्या आवाक्यातील आहेत. रहिवासाचे नियम कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत वेगळे असल्याने प्रवेशाची कागदपत्रे वर्षभर आधी जुळवून ठेवावीत. केंद्रीय संस्थांसाठी आयआयटी जॅम आणि गॅट-बी या परीक्षा आहेत, तर पीएच.डी.च्या शिष्यवृत्तीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट, जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) बेट आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसाठीची (जेआरएफ) परीक्षा आहे. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये झाली आहे. घरची शेती पाहून शिकणाऱ्या मुलांनी ही रक्कम पालकांना आवर्जून सांगावी, कारण संशोधन म्हणजे बिनपगारी शिक्षण, असा समज आपल्याकडे अजून आहे.

प्रयोगशाळेतील पहिले काम मात्र हातानेच शिकावे. क्षारीय विलयन पद्धतीने, म्हणजे अल्कलीने पेशी फोडून, प्लाझ्मिड वेगळे करणे ही १९७९ सालची बर्नबॉइम आणि डोली यांची रीत आजच्या तयार किटांच्या मुळाशी आहे, आणि ती द्रावणे स्वतः बनवून केल्याशिवाय गुणसूत्राचा डीएनए का खाली बसतो आणि प्लाझ्मिड का वर राहते, हे कळत नाही. डीएनएचे रेणू वेगळे करणाऱ्या जेलवर दिसणाऱ्या पट्ट्यांबाबत विशेष सावध राहावे. एकच प्लाझ्मिड पीळदार, उघडे वर्तुळ आणि सरळ अशा तीन रूपांत असू शकते आणि ही रूपे वेगवेगळ्या वेगाने धावतात, त्यामुळे तीन पट्टे म्हणजे तीन प्लाझ्मिडे असे धरून चालता येत नाही. शिवाय प्रतिजैविकाविना वारंवार नवे कल्चर केल्यास काही प्लाझ्मिडे हळूहळू गळून जातात. रुग्णाकडून मिळालेला जिवाणू पहिल्या शुद्ध कल्चरनंतर लगेच ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर साठवावा आणि प्रत्येक प्रयोग त्याच साठ्यातून सुरू करावा.

प्लाझ्मिड स्वतःहून दुसऱ्या जिवाणूत जाते का, हे दाखवणारा संयुग्मनाचा (पेशींच्या थेट संपर्कातून डीएनए जाण्याचा) प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. सोडियम अझाइड हे जिवाणूंची वाढ रोखणारे रसायन सहन करणारा ई. कोलायचा जे५३ हा स्ट्रेन रुग्णातील जिवाणूबरोबर वाढवतात आणि अझाइड व प्रतिजैविक दोन्ही असलेल्या प्लेटवर पसरतात. ज्या जे५३ पेशींनी प्लाझ्मिड स्वीकारले, त्याच तेथे वाढतात. रुग्णातील जिवाणू अझाइडवर एकटा वाढत नाही, याची प्लेट सोबत नसेल तर या निकालाला अर्थ उरत नाही.

सिक्वेन्सिंगमध्ये सर्वांत जास्त गैरसमज प्लाझ्मिडांविषयीच होतात. १९९८ साली मांडलेल्या बहुस्थानी अनुक्रम-प्रकारनिश्चितीत बहुधा सात जनुके तपासून वंश ठरवतात, आणि त्यासाठी लहान वाचने, म्हणजे एका वेळी वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे, पुरतात. प्लाझ्मिडाचे पूर्ण वर्तुळ जुळवण्यासाठी मात्र ती पुरत नाहीत. आयएस२६ सारखे, जागा बदलू शकणारे सुमारे ८२० बेसचे तुकडे एकाच पेशीत अनेकदा येतात, १५० बेसचे वाचन ते ओलांडू शकत नाही, आणि जुळणी नेमकी प्रतिकार-जनुकाजवळ तुटते. यासाठी नॅनोपोर या सिक्वेन्सिंग तंत्रासारखी लांब वाचने लागतात. पण त्यांच्या तयारीत अगदी लहान प्लाझ्मिडे निसटू शकतात, म्हणून दोन्ही प्रकारची वाचने एकत्र जुळवणे श्रेयस्कर ठरते. प्लाझ्मिडांचे गट ओळखणारे प्लाझ्मिडफाइंडर, प्रतिकार-जनुके शोधणारे रेसफाइंडर आणि जनुकक्रमांचे विश्लेषण करण्याचे गॅलेक्सी ही साधने इंटरनेटवर विनामूल्य आहेत. घरी साधा लॅपटॉप असला तरी सार्वजनिक संचयांतील जनुकक्रम घेऊन एम.एस्सी.च्या आधीच सराव सुरू करता येतो, आणि माझ्या मते प्रत्येकाने तो करावा.

सीमाभागातील विद्यार्थ्याजवळ एक बळ असते, ज्याचा उपयोग फार थोडे जण करतात. बेळगावच्या रुग्णालयांत चंदगड, गडहिंग्लज, सावंतवाडीकडचे मराठी रुग्ण येतात, तसेच बैलहोंगल, गोकाक, सौंदत्तीकडचे कन्नड रुग्णही येतात. जिवाणूचा जनुकक्रम कितीही उत्तम वाचला, तरी तो रुग्ण याआधी कोणत्या दवाखान्यात होता, कोणते औषध किती दिवस घेतले आणि घरी जनावरे किंवा कोंबड्या आहेत का, हे ठाऊक नसेल तर त्या क्रमाचा अर्थ लावता येत नाही. ही माहिती कागदावर क्वचितच असते. ती रुग्णाच्या आईशी किंवा मुलाशी त्यांच्या भाषेत बोलूनच मिळते. म्हणून नमुन्याच्या नोंदवहीत गाव, तालुका, राज्य, आधीची रुग्णालये, औषधे आणि नमुन्याची तारीख यांचे रकाने प्रकल्पाच्या आरंभीच आखावेत, आणि रुग्णाचे नाव त्या वहीत न ठेवता केवळ क्रमांक ठेवावा. संस्थेच्या नैतिकता समितीला सहभागी व्यक्तीस समजेल अशा भाषेतील संमतिपत्र लागते. आपल्याकडे त्याचा अर्थ मराठी आणि कन्नड अशी दोन्ही पत्रे, तेव्हा ती इंग्रजी मसुद्याबरोबरच लिहून घ्यावीत आणि अर्जाला एकत्र जोडावीत.